पाठीला डोळे

शोरोबेच्या पुढे, जिथे वाळूत गाडीची चाकं रुततात,
मी गाईंच्या पुठ्ठ्यांवर डोळे रंगवते.
हसा खुशाल. रोजंदारी मिळते त्याची.
एक डबा काळा, एक पांढरा, फोमचा कापलेला ठसा;
उजव्या पुठ्ठ्यावर एक, डाव्यावर एक,
मध्ये शेपूट, नाकासारखं.

सिंह मागून येतो.
गवताएवढा होऊन येतो, पोट जमिनीला लावून,
आणि त्याला एवढंच हवं असतं
की कुणाचं लक्ष नसावं.
डोळे दिसले की चोरी पकडली जाते.
मग तो उठतो, अंग झटकतो,
जणू सहज फिरायला आला होता.

माउनहून सेथुन्या येते, वही घेऊन, गुरं मोजायला.
ती सांगते, मेंदूत खोल एक गाठ असते, बदामाएवढी.
बदाम मी पाहिलेला नाही.
मग म्हणते, मोरुलाच्या बीएवढी. तेव्हा कळतं.
समोर काय आहे ते उमगायच्या आत
ती गाठ विचारून मोकळी होते:
कोण बघतंय? माझ्याकडे बघतंय?
सिंहाला आहे ती. गाईला आहे. तुलाही, गोफाओने.

मला ठाऊक होतं.
लग्नानंतर सहा वर्षं मी पाठ भिंतीला लावून जेवले.
कडी कशी वाजते त्यावरून कळायचं
आज किती झाली आहे त्याला.
एकदा कळायला उशीर झाला;
डावी पापणी अजून अर्धीच उघडते.
गाठ म्हणतात तिला, एवढंच ठाऊक नव्हतं.

लारोना मात्र बघत नाही.
नऊ वर्षांचा आहे. माझ्या कानाशी बोलतो,
कधी गळ्याजवळच्या पिनेशी.
दवाखान्यातल्या नर्सने हनुवटी धरून त्याचं तोंड वर केलं
तेव्हा असा ओरडला की अंगणातल्या कोंबड्या उडाल्या.
'नजर चुकवतो', तिने कार्डावर लिहिलं.
चुकवत नाही हो.
त्याला ती भाजत असेल,
दुपारच्या पत्र्याला हात लागावा तशी.

पण हल्ली गाईंचे डोळे तोच काढतो.
ठसा नको म्हणतो. बोटानेच.
आधी पांढरं, मग काळं, मग काळ्यात उन्हाचा एक ठिपका,
आणि दर गाईच्या डाव्या डोळ्याची पापणी
जरा खाली उतरलेली.
मोथुसी काका कुंपणाला टेकून बघत राहिले.
म्हणाले, ही गाय ओळखीची वाटते.
मी डबा धुवायला घेतला.

मंगळवारी सांजेला पाण्यावर गेले होते.
मोपानेच्या झाडीत पाखरं एकदम गप्प झाली.
मान आखडली. ती बी आत कुठेतरी टणकन वाजली.
पळाले नाही. पळू नये म्हणतात.
कॅन डोक्यावर, पाऊल मोजत,
वळायचं नाही, वळायचं नाही,
आणि पाठ अशी उघडी, जणू अंगावर कापड नव्हतंच.
मागे काही होतं की नव्हतं, देव जाणे.
सकाळी वाळूत माग दिसले,
पण ताजे की परवाचे
यावर मोथुसी काका आणि शेजारी अजून भांडताहेत.

घरी येऊन शर्ट धुवायला काढला.
पाठीवर दोन डोळे.

कधी काढले? दुपारी पालथी निजले होते तेव्हा?
बोटं लागली असणार, ओला रंग गार लागला असणार,
आणि मी, उंदराच्या पावलाने जागी होणारी,
घोरत होते.

लारोना चुलीपाशी बसला होता,
माझ्या कोपराकडे बघत.
"डावा फिसकटला," म्हणाला.
"तू हललीस."